खरा शेंदूर

वल्लरीनं बाटली तिसऱ्यांदा तराजूवर ठेवली. आकडा तोच आला. जूनमध्ये सील फोडलेली पाचशे ग्रॅमची बाटली, त्यानंतर दोन बॅचना चिमूट चिमूट दिली असेल, आणि आत निम्मीसुद्धा पावडर उरली नव्हती. लालभडक, जड, मैद्याहून बारीक. रेड लेड, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. झाकणाच्या आट्यांत तीच भरलेली, बाटलीच्या गळ्यावर तीच ओघळलेली आणि कपाटाच्या फळीवर चक्क तीन बोटांचे ठसे.

म्हणजे हातमोजेसुद्धा नाहीत. तिचं डोकंच फिरलं.

बारा वर्षं ती कोल्हापुरातल्या या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती आणि बारा वर्षं दर जूनला घसा फोडून एकच भाषण करत होती. शिशाच्या संयुगाला उघड्या हातानं शिवायचं नाही. भुकटी उडू द्यायची नाही, सांडलीच तर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, कपडे वेगळे धुवायचे. शिसं रक्तात उतरतं, मग हाडांत मुक्काम ठोकतं, आणि बाई गरोदर असेल तर थेट बाळापर्यंत पोचतं. पोरं माना डोलवायची आणि बाकाखाली मोबाइल बघायची. यापेक्षा डोक्यावरच्या पंख्याशी बोललेलं काय वाईट, असं तिला दर वर्षी वाटायचं.

तिनं आकाराममामांना हाक मारली. प्रयोगशाळेतले हे सगळ्यांत जुने अटेंडंट, हातकणंगल्याच्या अलीकडच्या गावाहून रोज एसटीनं यायचे. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. ते शर्टाच्या टोकानं बीकर पुसत आले. ते नाकबूल करतील, मग आपण काय बोलायचं, याची वल्लरीनं मनातल्या मनात सगळी तयारी केली होती.

"व्हय, मीच न्हेली की," आकाराममामा म्हणाले.

आता यावर माणसानं काय बोलावं? चोरी करणाऱ्यानं निदान मान तरी खाली घालावी. मामा मात्र उसाला पाणी सोडून आल्यासारखे निवांत सांगत होते. त्यांच्या शेताच्या बांधावर म्हसोबा होता. त्याला सात आयतवार शेंदूर लावायचा नवस बोलला होता. बाजारात मिळतो तो शेंदूर नुसता रंग, दोन सरी पडल्या की देव पुन्हा दगडासारखा दिसायला लागतो.

"तुमीच सांगितलंसा न्हवं वर्गात? जुन्या काळी देवाला लावायचे त्यो खरा शेंदूर ह्योच म्हणून."

सांगितलं होतं खरं. पोरांनी क्षणभर तरी मान वर करावी म्हणून ती दर वर्षी हे एक वाक्य मुद्दाम घालायची. पोरांनी केली नाहीच. दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आकाराममामांनी तेवढं बरोबर उचललं होतं.

नवस कशाचा, हे तिनं विचारायला नको होतं. मामांची सून वर्षाराणी. तिला दोनदा दिवस गेले आणि दोनदा पाचव्या महिन्यात खाली झालं. आता तिसऱ्यांदा सहावा लागला होता. पाच आयतवार पार पडले होते, दोन राहिले होते, आणि हे पोर टिकलं पाहिजे तर म्हसोबाला खोटं चालणार नव्हतं.

वल्लरी स्टुलावर बसली. तो शेंदूर तेलात कोण कालवतं, असं तिनं विचारलं. घरातल्या बायका, मामा म्हणाले. मग मात्र तिचा तोल सुटला. पोर टिकावं म्हणून पोराच्या आईला शिसं कालवायला लावताय, तुम्हाला काही कळतं का, असं ती एवढ्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या लॅबमधून दोघंजण डोकावून गेले. रक्त, हाडं, बाळाचा मेंदू, सगळं तिनं पुन्हा सांगितलं. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ठाऊक हाय म्याडम. तुमी दरसाल सांगतासा न्हवं. त्याची सोय केलीया आमी," एवढं बोलून ते अकराच्या बॅचच्या परीक्षानळ्या लावायला निघून गेले.

सोय! दाराला लिंबू टांगलं असेल, नाहीतर पोरीच्या दंडाला दोरा बांधला असेल. वल्लरीनं बाटली कुलपात टाकली, दुसरी किल्ली काढून घेतली आणि घरी उरलेली पावडर सोमवारी परत आणायला बजावलं. मामा बरं म्हणाले. त्यांचं हे बरं ती बारा वर्षं ऐकत आली होती. सोमवार उजाडायच्या आधी आयतवार येणार होता.

रविवारी सकाळी तिनं पर्समध्ये हातमोजे, मास्क आणि दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या भरल्या. प्राचार्यांना चिठ्ठी लिहून मोकळी हो, तू कशाला उन्हातान्हात जातेस, असं नवरा, अभिराम, म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. त्यामुळे ती जास्तच चिडली आणि स्कूटर काढून निघाली.

आकाराममामा दुधाच्या डेअरीवर गेले होते. दारात त्यांची सून मेथी निवडत बसली होती. तिच्या पोटाकडे बघायच्या आधी वल्लरीनं तिच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ. नखांतसुद्धा मेथीच्या मातीखेरीज काही नव्हतं. मामांच्या कॉलेजातल्या मॅडम म्हटल्यावर वर्षाराणी लगबगीनं उठायला लागली, तिला वल्लरीनंच खाली बसवलं.

"आत्याबाई म्हसोबाकडं गेल्यात," ती म्हणाली. "मी न्हाई जात तिकडं. त्या जाऊच देत न्हाईत."

वल्लरीच्या जिवात जीव आला. चहा नंतर, असं सांगून ती उसाच्या कडेनं बांधाकडे चालायला लागली.

लिंबाच्या झाडाखाली मामांची बायको, चिमणाबाई, पितळेची परात पुढ्यात घेऊन बसली होती. हात कोपरापर्यंत लाल. कपाळावरचे केस मागं सारताना लागलेला एक लाल पट्टा, पदराला लाल, ओठाच्या कडेलाही लाल. शेजारी कागदात उरलेली पावडर, आणि तिथंच हातभर अंतरावर फडक्यात बांधलेली भाकरी.

वल्लरीनं आपलं नाव सांगितलं.

"व्हय, मालक सारखं नाव काढत्यात की तुमचं. बसा," चिमणाबाई म्हणाली आणि त्याच हातानं तिच्यासाठी दगड झाडायला लागली.

वल्लरी बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं भाषणाला सुरुवात केली. हे काय आहे, कुठून पोटात जातं, पोटात गेल्यावर काय करतं. चिमणाबाईचा हात परातीत फिरत होता. मध्येच थांबवत ती म्हणाली, "ठाऊक हाय बाई. गरवारशीनं हात लावायचा न्हाई, वारं बी लागू द्यायचं न्हाई. मालकांनी येऊन समदं सांगितलंय, तुमी बोललासा तसंच्या तसं. म्हणून तर पोरीला बांधाकडं फिरकू देत न्हाई. लुगडं हितंच हिरीच्या मोटारीवर वायलं धुती, आंगूळ करूनच घरात जाती. परात बी घरात न्हेत न्हाई."

वल्लरी मनात एकेक मोजत गेली. कपडे वेगळे, अंघोळ, भांडं बाहेर. पहिल्या वर्षाच्या शंभर पोरांतल्या एकानंही परीक्षेत एवढं बरोबर लिहिलं नव्हतं.

"आणि तुम्ही?"

"माझं काय? मला कुठं आता बाळंत व्हायचंय?"

ती हसली. हसताना तिनं डावा हात पोटावर दाबून धरला, आणि वल्लरीचा राग उफाळून आला. पोट कधीपासून दुखतंय, जेवण जातं का, हात थरथरतात का, तिनं वसकन विचारलं. दुखतंय पंधरा दिवस, चिमणाबाई म्हणाली, वयानं आसंल. वयानं! वल्लरीला तिचा राग आला, आकाराममामांचा आला, त्या दगडाचा आला, आणि वर्गात पोरांना रिझवायला ते एक वाक्य टाकणाऱ्या स्वतःचा तर फारच आला. उद्याच्या उद्या कोल्हापुरात येऊन रक्त तपासायचं, मी स्वतः नेणार, आणि हे आत्ताच्या आत्ता बंद, असं तिनं ठणकावलं.

चिमणाबाईचा हात थांबला.

"ह्यो धरून दोनच आयतवार राहिल्यात बघा. दोनात काय हुईत न्हाई न्हवं? तुमी शिकलेल्या. खरं सांगा."

खरं सांगायचं तर इतक्यानं काही होत नाही, असा शिशाचा कुठलाच आकडा नव्हता.

"होतं," वल्लरी म्हणाली. "एकातसुद्धा होतं."

चिमणाबाईनं मान हलवली. मग हात पुन्हा परातीत घातला.

"मग पोरीला तेवढं सांगू नगा," ती म्हणाली. "नवस मोडायला लावंल ती. आन पुन्ना काय झालं, तर जल्मभर सोताला बोल लावत बसंल."

वल्लरीनं पर्स उघडली. मास्क लावला, हातमोजे चढवले आणि वाकून परातीची कड धरली. चिमणाबाईनं दुसरी कड घट्ट पकडली. दोघींच्या मध्ये परात तिरकी झाली आणि लाल तेल एका बाजूला सरकलं.

"टाकून देणार नाही मी. सोडा म्हणते ना!" वल्लरी कावून म्हणाली. "आधी मोटारीवर जा आणि साबणानं हात धुवा, कोपरापर्यंत. तोंडसुद्धा. मग लांब तिथं बसा आणि मला सांगा, यात अजून तेल किती घालायचं."