नंदूच्या मापाचं तरस

अर्धं ब्लेड मशीनच्या फळीवर पडलेलं होतं, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाची बारीक रेघ त्याच्या धारेवरून घसरत खाली, करड्या कापडाच्या ढिगावर उतरली होती. सोनमने हात पुढे केला आणि मागे घेतला. उसवायला कितीसा वेळ लागतो... शिवायला मात्र कितीतरी दुपारी गेल्या होत्या — गिऱ्हाइकांची पोलकी बाजूला सारून, पाठीवरचे काळे पट्टे एकेक करून बसवताना, मानेवरची लोकर टाचताना.

फोन आत्ताच ठेवला होता. शाळेतल्या दीपक सरांचा आवाज अजून कानात होता, गोड आणि घाईचा. "ताई, थोडा बदल झालाय हो गॅदरिंगच्या नाटकात. तरस आता दिग्विजय करणार. राजनंदिनीला शेळ्यांच्या कळपात घेतलंय — पहिल्या रांगेत, अगदी समोर! पोशाख तेवढा आज त्याच्या मापाचा करून ठेवा. आणि तिला तुम्हीच सांगा बरं का घरी. तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार. आजवर जेव्हा जेव्हा कुणी तिला समजूतदार म्हटलं होतं, तेव्हा तेव्हा तिच्या हातातून काहीतरी काढून घेतलेलं होतं.

"पण सर, सिनेमातलं तरस मादी आहे ना?" एवढंच तिला विचारता आलं.

"हो हो, पण तरस नरही असतोच की! शेवटी सिंहापुढं उभं राहायचं, सगळ्या कळपाला घेऊन जायचं... मुलाला शोभतं ते. मल्हाररावांचंही तसंच म्हणणं पडलं."

मल्हारराव म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. दिग्विजयचे वडील.

सिनेमा पोरांना शाळेतच दाखवला होता, पडदा लावून. सगळी बोलणारी जनावरं. एक तरसीण, पाठीत उतरती, ओबडधोबड, हसली की रानाच्या अंगावर काटा यावा असं हसणारी. कुणाचं पिल्लू हरवलं, तरसिणीनं नेलं. पाणी गढूळ झालं, तरसिणीनं केलं. आणि दुष्काळात सगळ्यांना पाण्यापर्यंत घेऊन जाते ती तीच... राजनंदिनीनं, तिच्या नंदूनं, घरी येऊन सगळा सिनेमा एका दमात सांगितला होता, आणि मग ती हसली होती, तरसासारखी, घोगरी, पोटातून. गोठ्यातल्या म्हशीनं कान टवकारले होते.

गॅदरिंगला हाच सिनेमा नाटक करून बसवायचा ठरला तेव्हा तरस व्हायला एकाही पोराची आई तयार नव्हती. आमचं लेकरू तरस? फोटो काढून ठेवायचे असतात, वहिनी! गोऱ्यागोमट्या पोरी हरणं झाल्या, दिग्विजयला सिंहाचं काम मिळालं, आणि सावळी, दांडग्या आवाजाची नंदू उरली तिला तरस मिळालं. सोनमला ते कळत नव्हतं असं थोडंच होतं? पण पोरगी नाचत घरी आली होती. मग तालीम झाली, आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं की नाटकभर बोलतं ते तरसच, सिंह नुसता बसून असतो. उष्टं म्हणून टाकलेलं ताट भरलेलं निघालं, तसे हात पुन्हा त्याच्याकडं वळले.

आणि स्टेजवर मागं लावायला पुठ्ठा रंगवलाय म्हणे — रूपावरून कुणाला पारखू नका.

"अगं चल की!" दारातून सिंधुबाई, तिची सासू, ओरडली. "काल्याचं कीर्तन हाय. म्हाराज उभं ऱ्हायलं आसतील. मशीन काय पळून जातीय व्हय?"

वाटेत सोनमनं सांगितलं. सिंधुबाई थांबलीसुद्धा नाही. "बरं झालं बाई. तरस म्हणून हाक मारत्याल पोरीला गावात. उद्या लगीन व्हायचंय तिचं. शेळी काय वाईट हाय? गरीब जनावर."

मांडवात मृदंगावर थाप पडली आणि सोनमची बोटं मांडीवर ठेका धरू लागली... नेहमी धरायची तशीच. हे एक ठिकाण तिचं होतं. टाळकऱ्यांच्या रांगा झुलत होत्या, मल्हारराव गळ्यात वीणा घेऊन डोळे मिटून उभे होते, आणि चाल वर चढली तसा तिचाही सूर आतल्या आत वर चढला — आतल्या आतच. बावड्याला, माहेरी, ती वडिलांच्या, तात्यांच्या, शेजारी टाळ घेऊन उभी राहायची, फ्रॉकवर. तिचा आवाज चढला की माणसं वळून बघायची. मग एका सप्त्यात तात्यांनी तिच्या हातातला टाळ अलगद काढून घेतला होता. रागानं नाही. रागानं घेतला असता तर भांडता आलं असतं. "सोनम, आता बायकांत बसायचं. तू समजूतदार हायेस." त्यांचा हात केसांवरून फिरला होता, आणि ती जाऊन बसली होती. त्या हाताची ऊब अजून आठवते, हेच तर वाईट...

महाराज काला सांगत होते. गवळ्यांची पोरं, कुणी लंगडं, कुणी बोबडं, कुणाच्या शिदोरीत नुसती कण्या-भाकरी. आणि देवानं सगळ्यांचं एकात कालवलं, कुणाचा घास कुणाचा ते कुणाला ओळखू येईना. सोनमचे डोळे भरून आले. खरंच आले. माझ्या देवा, हे असंच आहे ना रे तुझ्याकडं?

आणि त्याच दमात, डोळे पुसायच्या आत, महाराजांनी मांडवाला हसवलं. "पण हल्ली काय झालंय मंडळी, घराघरांत कोंबड्या आरवायला लागल्यात! कोंबडा बिचारा अंडी घालायचा राहिलाय फक्त!" मांडव कोसळला. बायकाही हसल्या, पदर तोंडाला लावून. सिंधुबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

मी हसले होते. गेल्या साली असलंच काहीतरी ऐकून मी पोट धरून हसले होते, आणि घरी येऊन नंदूला म्हटलं होतं, हळू बोल, कोंबडीसारखी आरवू नकोस... आज ओठ हलले नाहीत. तिला महाराजांचा राग येईना, याचाच राग आला. ज्या तोंडातून काला आला त्याच तोंडातून हे. दोन्ही सारख्याच गोडीनं. मल्हाररावांचे डोळे मिटलेलेच होते. तिनं देवाकडं पाहायचं म्हणून मान वर केली आणि नजर वाटेतच, माणसांच्या तोंडांवर अडकून राहिली.

प्रसादाच्या लाह्या पदरात बांधून ती घरी आली, आणि ब्लेड उचललं.

पहिली शिवण उसवली, दुसरी उसवली. दिग्विजय अंगानं भरलेला. कापड पुरणार नाही, आणि सरांना तसं सांगता येईल — ही आशा तिच्या मनात होती हे तिला आत्ता, ती मावळताना कळलं. कारण कापड पुरत होतं. दोन्ही बगलांना, पाठीला, बाह्यांना तिनंच चांगली रुंद माया, शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, सोडली होती. पोर वाढीला लागलीय, पुढच्या साली पुन्हा घालेल, घरातच घालून हसत फिरेल, म्हणून. पोरीच्या वाढीसाठी ठेवलेल्या त्या जागेत तो पोरगा अगदी नीट मावत होता. ती खडूनं रेघ मारत राहिली. हात सरळ चालत होता. हात कधीच चुकत नाही मेला.

नंदू आली तेव्हा पोशाख मशीनवर होता. सोनमनं बोलायला तोंड उघडलं.

"मला म्हाईत हाय," नंदू म्हणाली. दप्तर तिनं खुंटीला नीट अडकवलं. "दिग्यानंच सांगितलं. त्याला हसायलाच जमत न्हाय गं आई. कोंबडी खोकल्यागत करतो. मग मीच शिकवलं त्याला, मधल्या सुट्टीत."

"तू शिकवलंस?"

"मग? नाटक पडंल ना आपलं." तिनं लाही तोंडात टाकली. "शेळीचा आवाज बारीक काढायचा असतो. गळ्यातनं. बघ..."

आणि तिनं काढला. बारीक, मऊ, थरथरता; त्या दांडग्या पोरीच्या गळ्यात तो कुठं होता कोण जाणे. पहिल्याच खेपेला इतका चांगला आला की सिंधुबाईनं ओसरीवरून कौतुकानं टाळी वाजवली, "गुणाची गं माझी बाय ती!"

सोनम वाट पाहत राहिली. आता रडेल. आता पोशाख ओढून घेईल, लाह्या उधळेल, माझ्यावर ओरडेल, 'तू का उसवलंस' म्हणून विचारेल... विचार की गं. नंदू पुन्हा एकदा, आणखी बारीक, ओरडून दाखवत होती, आणि मान वाकडी करून आईला आवडलं का ते बघत होती. रोज दिवा लावताना सोनम देवाकडं पोरीसाठी शहाणपण, समजूतदारपणा मागत आली होती. ते मागणं आता तिला ओठांवर आणवेना. आणि त्याच्या जागी, पोरीनं ओरडावं, भांडावं म्हणून, जे मागणं वर येत होतं ते इतकं अनोळखी, इतकं दांडगं होतं, की देवापुढं ते कोणत्या सुरात मागायचं हेच तिला उमजेना.