फाटकावरच्या दादाची साक्ष

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून कोण बसलंय? पुढे सरका हो, जागा पुष्कळ आहे. देवाने माणसाला दोन कान दिलेत, ते दोन्ही आज इकडे द्या. एका वकीलबाईची कथा सांगतो. वकील म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका. कोर्टाच्या खोलीतही देव येऊन बसतो, फक्त त्याला कोणी पुकारत नाही.

ही बाई फौजदारी खटले चालवायची. कधी सरकार तिला नेमायचं, तेव्हा ती आरोपीला शिक्षा मागायची. कधी आरोपीच दारात यायचा, मग त्याला सोडवायला उभी राहायची. कोर्टातले कारकून तिला 'दोन्हीकडची बाई' म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. तिचा एक नेम होता. उद्या ज्या बाजूने उभं राहायचं, तिच्याविरुद्धची बाजू आदल्या संध्याकाळी घरी जीव तोडून मांडायची. न्यायासनावर कोण? तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मटार सोलत बसलेली तिची आत्या.

त्या वेळचा खटला एका निवृत्त बसड्रायव्हरवर होता. त्याच्या बायकोला सगळ्याचा विसर पडला होता, म्हणून तिला वृद्धाश्रमात ठेवलेलं. एके दुपारी हा तिला कोणाला न विचारता बाहेर घेऊन निघाला. फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं, तेव्हा याने त्याला ढकललं, तो पायऱ्यांवर पडला आणि हाताचं हाड मोडलं. रखवालदाराने पोलिसांना तसंच सांगितलं होतं. ड्रायव्हर मात्र हो म्हणेना की नाही म्हणेना. त्याचा स्वतःचा वकीलही डोकं धरून बसला होता.

शिक्षा झाली तर तुरुंग होताच, पण त्याहून वाईट पुढे होतं. गुन्हेगार ठरलेल्या माणसाला आत पाऊल टाकू देणार नाही, असं आश्रमाच्या व्यवस्थापकबाईंनी बजावलं होतं. बायको नवऱ्याला ओळखत नव्हती खरी, पण त्याने भरवल्याशिवाय तोंड उघडत नव्हती.

"बोला वकीलसाहेब," आत्याने मटाराची शेंग हातोड्यासारखी ओट्यावर ठोकली. "आज कोणाच्या वतीने?"

"आज आरोपीच्या. उद्या सरकारच्या."

"म्हणजे जे काय खरं बोलायचं ते आजच."

"आत्या, न्यायमूर्ती टोमणे मारत नाहीत."

"तू अजून न्यायमूर्ती पाहिलेच नाहीस. चालू दे."

बाईने पदर खोचला. "महाराज, माझ्या अशिलाने ढकललेलं नाही. हे दोघं रोज दुपारी फाटकाशी बसून एका थर्मासातला चहा पीत. थर्मास ड्रायव्हरचा, बिस्किटं रखवालदाराची. कधी भांडण नाही, तंटा नाही. असा माणूस मित्राला पायऱ्यांवरून..." बोलता बोलता ती थांबली.

"काय झालं? जीभ चावली?"

"नाही गं. उद्या याला मी काय उत्तर देणार, तेच सुचेना."

"मग जेवून घे. रिकाम्या पोटी सरकारही हरतं."

जेवण झालं. अंथरुणावर पडल्यावरही ती मनातल्या मनात ड्रायव्हरचीच बाजू लढत राहिली.

सकाळी कोर्ट भरलं. रखवालदार मोडका हात गळ्यात अडकवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. बाई उठली, काळा कोट सारखा केला, आरोपीकडे हात केला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "महाराज, माझे अशील, हे ड्रायव्हरकाका..."

मग सगळं कोर्ट खो खो हसलं.

"ताई, माझा अशील मला परत द्या," बचावाचा पोरसवदा वकील म्हणाला. "माझ्याकडे तेवढा एकच आहे!"

न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, आज आपल्याला सरकारने नेमलंय. निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी."

बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मान वर केली, तर एक माणूस हसत नव्हता. पिंजऱ्यातला रखवालदार. तो ड्रायव्हरकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याकडे असं बघत नाही, हे तिला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. तिने तयार करून आणलेला प्रश्न बाजूला ठेवला.

"दादा, तुम्ही पडलात, तेव्हा तुमचा हात कुठे होता?"

तो चपापला. "हात... हातात होता."

"कोणाच्या?"

इतके दिवस मुका राहिलेला ड्रायव्हर एकदम ओरडला, "नको रे दोस्ता! नको सांगूस!"

"आरोपीने गप्प राहावं," न्यायाधीश म्हणाले, पण आवाजात जरब नव्हती.

रखवालदाराने चांगल्या हाताने डोळे पुसले. "वहिनींच्या, साहेब, काकांच्या बायकोच्या. त्यांचा भाऊ लहानपणीच गेला. मी दिसलो की त्यांना वाटतं तो आला. 'दादा, घरी चल ना' म्हणतात. त्या दिवशी काका त्यांना समोरच्या बागेत नेत होते. मी म्हटलं, थांबा, आत विचारून येतो. तेवढ्यात वहिनींनी माझा हात धरला आणि पळतच सुटल्या. हिसका दिला असता तर त्या तोंडावर पडल्या असत्या. म्हणून नाही सोडवला. पायरी चुकली आणि मी पडलो."

"मग ढकललं असं का सांगितलंत?"

"वहिनींचं नाव आलं असतं, तर त्यांना वरच्या मजल्यावर टाकलं असतं. तिथे दाराला कुलूप असतं, बाई. खिडकीसुद्धा उघडत नाही. पोलीस आले तेव्हा मी काकांकडे बघितलं, काकांनी मान डोलावली. आम्हाला वाटलं, पोलीस दम देतील नि सोडतील."

बाईने तहकुबी मागितली, वरिष्ठांना फोन लावला आणि दुपारी खटला मागे घेण्याचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी रखवालदाराला खोटं सांगितल्याबद्दल चांगलं झापलं. झापता झापता चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि ड्रायव्हरला मोकळं केलं.

पण मोकळा झालेला माणूस जिन्यातच मटकन खाली बसला. "बाई, तुम्ही मला सोडवलंत आणि तिला अडकवलंत."

हे मात्र खरं होतं. बाईने काळा कोट हातावर टाकला, त्याला नि रखवालदाराला रिक्षात बसवलं आणि तडक वृद्धाश्रम गाठला.

व्यवस्थापकबाई दगडाच्या नव्हत्या. "उद्या त्या आणखी कोणाला ओढत नेतील," त्या म्हणाल्या. "पडणारा म्हातारा असेल तर? त्याच्या मुलांना मी काय सांगू?"

दोन्हीकडच्या बाईला दोन्हीकडचं पटलं. बोलला तो रखवालदार.

"पडलो तर मीच पडेन, बाई. आता सवय झालीये. रोज दुपारी बागेत नेत जाऊ, एका बाजूला काका, एका बाजूला मी. बाहेर जायला मिळालं, तर त्या पळतील कशाला?"

"आणि फाटकावर कोण बसेल?"

"मी बसते," वकीलबाई म्हणाली. "आजच्यापुरती. उद्याचं उद्या ठरवा."

व्यवस्थापकबाईंना हसू आलं. "बरं. आठ दिवस बघू. तोवर वरचा मजला नको."

वहिनींना बाहेर आणलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं न पाहिलं, आणि रखवालदाराचा चांगला हात घट्ट धरला. "दादा, किती रे उशीर!"

"रस्त्यात पडलो होतो, ताई," तो म्हणाला. "आता चला, सावकाश."

तिघं बागेकडे निघाले. काळा कोट पुन्हा चढवून बाई फाटक धरून उभी राहिली, आणि आत येणाऱ्या दूधवाल्याने तिला अदबीने सलाम केला.

तर मंडळी, त्या रखवालदाराचं खोटं देवाच्या दरबारी लिहून ठेवलं असेलच, त्याला माझा इलाज नाही. पण न सोडलेला तो हातही तिथे कोणीतरी सांगायला हवा. म्हणून आज दिव्यापुढे डोळे मिटाल, तेव्हा एवढं करा. देवापाशी त्या रखवालदाराची आठवण काढा.