टकटकबाबांची पेटी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टकटकबाबांनी पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या बायकोच्या गळ्याशी पेटी धरली आणि पेटी बोलू लागली, टक टक टक टक! काटा शंभरावर.

"पहिल्या दिवशी आठशे होता!" बाबा गरजले. "दर आठ दिवसांनी एक फुंकर, फुंकरीला विष निम्मं!"

लोक डोळे पुसत होते. बाइंडरला मात्र रडूही येईना. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, इस्पितळानं किरणोत्सारी आयोडीन दिलं, आणि घरी येताच ह्या शहाण्या नवऱ्यानं तिला इथे आणलं. 'इस्पितळाच्या गोळ्या विषाला पोसतात, फेका,' बाबा म्हणाले. ह्यानं फेकल्या! आता तिचा चेहरा सुजला होता, हात गार पडले होते, दोन शब्द बोलताना दम लागत होता. एक फुंकर हुकली तर ती जाईल, ह्या धास्तीनं त्याची झोप उडाली होती.

तेवढ्यात त्याची धाकटी बहीण गर्दीतून पुढे घुसली. त्याच इस्पितळात ती किरणं मोजायचं काम करते. हातात शिशाची जड डबी होती.

"दादा, हा वहिनीचा रुमाल. ह्या औषधाच्या पेशंटचे कपडे आम्ही त्यांतली किरणं शांत होईपर्यंत कोंडून ठेवतो. बाबांनी हा पाहिलेलाही नाही. तू वहिनीला इथे आणलंस त्या दिवशी ह्यावर चारशे ऐंशी टक होते. आज चोवीस दिवसांनी साठाच्या आसपास निघतील. लाव पेटी!"

बाबा पेटी सोडेनात. बाइंडरनं ती हिसकावलीच आणि उघड्या डबीतल्या रुमालाला लावली. काटा अठ्ठावन्नावर थांबला.

"माझी कृपा सर्वत्र!" बाबा म्हणाले.

"शिशातही शिरते? मग आजारी बाईला इथवर फरफटत कशाला आणवता?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. "दादा, आयोडीनचे ते अणू आपोआप बदलतात, बदलताना किरण सोडतात. तोच हा टक. आठ दिवसांत निम्मे उरतात. फुंकर मारा नाहीतर शिव्या द्या! आजार वाजत नव्हता रे, औषध वाजत होतं."

"मग हिला काय होतंय?"

"ऑपरेशनमध्ये ग्रंथी काढली. तिचं काम गोळ्या करत होत्या."

बाइंडरनं बायकोचे गार हात हातात घेतले. "मीच मारत होतो हिला." मग वळून गर्दीवर ओरडला, "फुंकर मारली त्याचं काय झालं, एवढंच बघता! नाही मारली त्याचं काय झालं, तेही बघा की रे!"

बायकोनं त्याची बाही ओढली. "भाषण... नंतर. आधी... गोळी."

त्यानं तिला उचललं. दोघातिघांनी वाट करून दिली. बाकीचे अजून रांगेतच उभे होते.