मळी काढायची राहिली

मित्रांनो, मी विजेवर पोलाद वितळवणारी एक जुनी भट्टी आहे. पोट माझं मोठं, भूक त्याहून मोठी आणि स्वभाव अर्थातच तापट. मोडक्या सायकली, गंजके पाइप, खाटांचे तुटके पाय, मी काहीही खाते. त्यांच्याबरोबर फॉस्फरसही पोटात जातो. हा मोठा लबाड! पोलादात राहिला तर ते थंडीत काचेसारखं तडकतं. म्हणून मला चुनकळी भरवतात आणि ऑक्सिजन फुंकतात. ऑक्सिजनशी गाठ पडली की फॉस्फरस चुन्याला चिकटतो आणि वर तरंगणाऱ्या मळीत, म्हणजे वितळलेल्या घाणीच्या थरात, जाऊन बसतो. तेव्हाच मला मागे कलवून ती मळी दाराबाहेर ओतावी लागते. कारण उष्णता आणखी वाढली की चुन्याची पकड सुटते आणि हे महाशय परत पोलादात!

माझा कारभार मामांकडे होता. खरं तर ते प्रयोगशाळेतल्या ताईचे मामा, पण सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे. माझ्या झिजलेल्या विटांकडे त्यांनी कधी काणाडोळा केला नाही. त्यांच्या हाताखाली मी सुखात होते.

निवृत्तीच्या दिवशी मात्र जो तो येऊन त्यांचं कौतुक करू लागला. मामा हरखले, गप्पांत रंगले आणि मळी न काढताच त्यांनी वीज वाढवली. थोड्या वेळाने ताई नमुना तपासून धावतच आली.

"मामा, फॉस्फरस परत वाढलाय."

"तुझं यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र ठणठणीत आहे. मळी काढलीत का?"

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. या पोलादापासून क्रेनचे ओझं उचलणारे आकडे होणार होते.

"आज जाऊ दे ना गं," ते हळूच म्हणाले. "शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर शोभा होईल."

"त्या आकड्याखाली तुम्ही उभे राहाल?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "मळी काढायची राहिली माझ्याकडून," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग त्यांनी वीज उतरवली, लोहखनिज टाकून मला जरा थंड केलं, नवी चुनकळी घातली, ऑक्सिजन सोडला. भाषणाला आलेले साहेब ताटकळत राहिले. मळी फेसाळून वर आली, तशी मामांनी मला कलवून ती पार बाहेर काढली. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

दुसरा नमुना स्वच्छ निघाला. ताईने मान डोलावली.

"हं," मामा घाम पुसत म्हणाले, "आता करा कौतुक."

मित्रांनो, तुमच्याही हातून काही राहून गेलं तर लाजू नका, पण ओतण्याआधी सांगा. पोटात आहे तोवर मी सगळं सुधारून देईन. एकदा ओतलं की माझाही इलाज चालत नाही.