छबूबाईंच्या नखांच्या खुणा

माझे संपूर्ण नाव ‘कै. शमुवेल बाबूराव उमाप यांच्या स्मरणार्थ’ असे असून माझे वय एकसष्ट वर्षे आहे. नेवासे तालुक्यातील एका खेड्याच्या चर्चमधला मी बाभळीचा बाक. हे नाव माझ्या पाठीवर रंगवलेले असल्यामुळे मला स्वतःला ते कधीच दिसले नाही. मागच्या बाकावरील मुले त्यावर बोट फिरवून मोठ्याने वाचत, म्हणून ते मला ठाऊक झाले. पुढच्या बाकाच्या पाठीवरील अक्षरे न्याहाळून मी स्वतःच्या बळावर वाचावयास शिकलो. शाळेतील बाकांनाही हे क्वचितच साधते, एवढे येथे नमूद करतो.

एके काळी मी शेताच्या बांधावर उभा होतो आणि माझ्या अंगावर काटे होते. सुताराने ते तोडले, रंधा मारला आणि मला मंडळीच्या सेवेत रुजू केले. तेव्हापासून अनेक बारशी, लग्ने आणि मयती मी बसल्या जागी पाहिल्या. त्यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. प्रार्थनेच्या वेळी माणूस डोळे मिटतो, परंतु हातांनी काहीतरी घट्ट धरून ठेवतो. बहुधा मलाच.

छबूबाई त्रिभुवन यांनी तर माझ्या उजव्या कडेला नखांनी खाच पाडली आहे. त्यांचे यजमान शांतवन घोडेगावच्या बाजाराला म्हणून निघाले आणि रस्त्यातील अपघातात गेले. त्यानंतर नजरेआड झालेली कोणतीही वस्तू परत येईल, हा भरवसा छबूबाईंना उरला नाही.

आमच्याकडे सुगीच्या सणाला लोक वेदीपुढे ज्वारी, भोपळे, ऊस, कोंबड्या अर्पण करतात आणि उपासनेनंतर त्या जिनसांचा लिलाव होतो. छबूबाई दरवर्षी आपली तांबडी कोंबडी मनोभावे अर्पण करीत आणि लिलावात सर्वांच्या वर बोली लावून तीच कोंबडी बगलेत मारून घरी नेत.

त्यांची लेक मोनिका नर्स झालेली. गेल्या वर्षी तिला पुण्यास नोकरी मिळाली. छबूबाईंनी वेदीपुढे गुडघे टेकून तिच्यासाठी प्रार्थना करविली आणि घरी जाऊन तिला पाठवावयाचे नाकारले. यंदा बोलावणे दिल्लीहून आले होते. सोमवारची गाडी होती आणि सुगीचा सण आदल्याच दिवशी, रविवारी आला. ही नोकरीही हातची गेली, तर आपण पुन्हा अर्ज करणार नाही, असे मोनिकाने शेजारच्या मुक्ताबाईंना माझ्यावर बसूनच सांगितले होते.

लिलाव पुकारण्याचे काम आसाराममामांकडे असते. कोंबडी उंच धरून ते म्हणाले, “बोला मंडळी! ही छबूबाईची तांबडी. हिला घरची वाट पाठ हाय, तवा उगं कुनी तसदी घेऊ नका!”

चर्च हसले.

“मामा, औंदा मी घेनार,” टेम्पोवाला श्रीमंत मागून ओरडला. “लई वर्सं रस्सा लांबनीवर पडलाय!” आणि त्याने बोली लावली.

मुक्ताबाई कानाशी कुजबुजल्या, “छबे, देवाला उसनं देतीस व्हय गं दरसाल?”

“दुसऱ्याच्या घरी तिला मांजरानं धरली म्हंजी?”

“आन पोरीचं काय? तिलाबी देवाच्या हवाली करतीस, आन दारातनं माघारी वडतीस.”

छबूबाईंची नखे खाचेत अशी रुतली की, एकसष्ट वर्षांचे माझे लाकूड कळवळले.

“एक वार!” मामांनी पुकारले आणि सवयीने आमच्या दिशेस पाहिले. “दोन वार! छबूबाई, झोप लागली का काय?”

“आई, हात वर कर की. मामा थांबल्यात,” मोनिका म्हणाली.

छबूबाईंचा हात माझ्यावरून उचलला गेला, अधांतरी थांबला आणि उघडाच त्यांच्या मांडीवर येऊन पडला. त्या पुटपुटल्या, ते माझ्याखेरीज कोणी ऐकले नसेल. “परभू, मला न्हाई जमत राखन. तूच राख.”

“तीन वार!”

कोंबडी श्रीमंतच्या हाती गेली. छबूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लेकीकडे न पाहताच विचारले, “बॅग भरलीस का गं?”

“तू न्हाई म्हनशील म्हनून...”

“मग ऊठ की! हितं बसून भरनार हायस व्हय?”

कोंबडीचे पुढे काय झाले, हे मला कोणी सांगितले नाही. छबूबाईंनीही विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

माझे सांधे आता कुरकुरतात. तरीही आपण अवश्य यावे, बसावे, मन भरून आले तर मला घट्ट धरावे. बाभूळ सोसते. उठताना मात्र ओझे देवाजवळ ठेवून रिकाम्या हातांनी जावे, एवढीच विनंती.

मोनिका सोमवारी दिल्लीस गेली. तिचा फोन कधी रोज येतो, कधी दोन दिवस येत नाही. छबूबाई आजही माझ्या उजव्या कडेला बसतात आणि प्रार्थनेच्या वेळी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवतात. खाच आहे तेवढीच आहे. तिच्यात नवी खूण पडलेली नाही.