एकोणसाठ किलोंची जागा

अलेक्झांड्रियात अन्फूशीच्या किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधतात. त्या किनाऱ्याच्या मागच्या गल्लीत सफीनाज मुलींना वजन उचलायला शिकवायची. तरुणपणी तिच्या स्वतःच्या अंगात चांगली ताकद होती, पण घरच्यांनी तिला स्पर्धेच्या ओट्यावर कधी पाय ठेवू दिला नाही. तिनं लग्न केलं नाही, मुली घडवत राहिली. सगळे तिला कॅप्टन म्हणायचे.

तिच्या मुलींमध्ये इब्तिहालच्या तोडीची दुसरी नव्हती. होड्या बांधणाऱ्या मुख्य कारागिराची, उस्ता बदवीची, ही एकुलती एक लेक. खांदे बापावर गेलेले, आणि तोंडानं भारी फटकळ. राष्ट्रीय संघाची निवड जवळ आली तेव्हा अडचण एकच होती. इब्तिहाल चौसष्ट किलोंच्या गटातली, आणि त्या गटात कैरोची एक मुलगी अशी होती की तिच्यापुढे कुणाचा निभाव लागत नव्हता. खालच्या एकोणसाठच्या गटात मात्र जागा मोकळी होती.

"पाच किलो उतरवायचे. बस्स," सफीनाज म्हणाली.

"कॅप्टन, पाच किलो म्हणजे माझी अख्खी एक मांडी गेली की!"

"चरबी जाईल, मांडी राहील. त्यासाठीच तर हे आणलंय." सफीनाजनं तिच्यासमोर एक डबा ठेवला. अमिनो आम्लांची पावडर होती ती, कलिंगडाच्या चवीची. खाणं कमी केलं तरी ही घेतली की स्नायू झिजत नाहीत, असं तिनं दोन-तीन प्रशिक्षकांकडून ऐकलं होतं आणि फोनवर वाचलंही होतं. किती कमी खाल्लं तर, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

सुरुवातीला सगळं मनासारखं झालं. काटा खाली येत होता आणि बार पूर्वीसारखाच वर जात होता. सफीनाजला हुरूप आला. आधी पोळी बंद झाली, मग भात, मग तेल. बाकीच्या मुली चेष्टा करायच्या.

"काय गं इब्तिहाल, आज जेवायला काय?"

"गुलाबी पाणी."

"आणि रात्री?"

"गुलाबी पाणीच. पण थंडगार."

सगळ्या खो खो हसायच्या. सफीनाजही हसायची.

ईद आली. घरोघरी कहकची बिस्किटं भाजल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. त्या दिवशीसुद्धा इब्तिहालनं एक तुकडा तोंडात घातला नाही. ईदनंतर उस्ता बदवी व्यायामशाळेत आला. त्याच्या भुवयांवर लाकडाचा भुसा तसाच होता. दारात चपला काढून तो आत आला.

"कॅप्टनबाई, पोरगी जिना चढताना मधेच बसते. अहो, गॅसची टाकी खांद्यावर घेऊन चढायची ती!"

"वजन उतरताना थकवा येतोच, उस्ता."

"परवा माझ्या ताटातल्या भाताकडे बघून रडली. खा म्हटलं, तर म्हणते, कॅप्टनला काय सांगू?"

"ताकद जाऊ नये म्हणूनच तिला अमिनो देतेय. शरीराला लागतं ते सगळं आहे त्यात."

"सगळं?"

"सगळं."

उस्तानं डबा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, परत जागेवर ठेवला. "मला यातलं काही कळत नाही, कॅप्टनबाई. तुमच्या भरवशावर सोडतो," म्हणाला आणि गेला.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात सरावाचं नेहमीचं वजनसुद्धा इब्तिहालच्या खांद्यावरून वर जाईना. सगळ्या मुली घरी गेल्यावर ती सफीनाजजवळ येऊन उभी राहिली. या खेपेला तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"कॅप्टन, बार जड लागतोय. चौसष्टमध्येच उतरू का मी? तिसरी आले तरी चालेल मला."

"पावडर घेतलीस ना?"

"घेतली."

"मग मनाचे खेळ आहेत सगळे. इतक्या जवळ येऊन माघार घेतात का, पोरी?"

इब्तिहालनं ‘बरं’ म्हणून मान हलवली. पुढे वर्षभर सफीनाजला तीच मान हलवणारी इब्तिहाल दिसत राहिली.

कैरोच्या सभागृहात निवडीसाठी इब्तिहाल काट्यावर उभी राहिली तेव्हा तिचे ओठ फुटले होते, पण वजन गटात बसलं. पहिला प्रयत्न कसाबसा झाला. सफीनाजनं आनंदाच्या भरात दुसऱ्यासाठी बारवर आणखी वजन चढवायला सांगितलं. इब्तिहालनं एका झटक्यात बार डोक्यावर नेला, आणि तिथं तिच्या हातातला जोरच संपला. डावं कोपर उलटं वळलं. बार मागं पडला तो आवाज सगळ्यांनी ऐकला, पण त्याच्या आधीचा बारीक आवाज सफीनाजला ऐकू आला.

प्रेक्षकांतून उस्ता कठडा ओलांडून धावत आला. लेकीच्या डोक्याखाली हात घालून खाली बसला. सफीनाज शेजारी उभी होती, पण त्यानं एकदाही मान वर केली नाही.

शस्त्रक्रिया झाली, पण कोपर पुन्हा पूर्ण सरळ झालं नाही. सफीनाज दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा इब्तिहाल झोपलीय म्हणून सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा जायचा तिला धीर झाला नाही. नशिबाचा खेळ, अशा दुखापती होतातच, असं ती लोकांना सांगायची. स्वतःलाही सांगायची.

पुढच्या वर्षी कैरोत प्रशिक्षकांसाठी एक शिबिर होतं. शिकवायला आलेल्या तज्ज्ञ बाई अमिनो आम्लांबद्दल बोलल्या. पोटभर नाही तरी पुरेसं खाणाऱ्याला, प्रथिनं नीट घेणाऱ्याला अमिनोचा फार तर थोडा आधार होतो, असं त्या म्हणाल्या. "पण शरीराला जळणच मिळालं नाही, तर ते ही पावडरसुद्धा जळण म्हणून वापरून टाकतं, आणि मग स्नायूंना हात घालतं. उपाशी माणसाला हा डबा वाचवत नाही." शेजारचे लोक भराभर लिहून घेत होते. सफीनाजच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मधल्या सुट्टीत चहा न घेता ती बाहेर पडली आणि संध्याकाळच्या गाडीनं अलेक्झांड्रियाला परतली.

दुसऱ्या दिवशी तिनं उस्ता बदवीच्या घराची कडी वाजवली. दार इब्तिहालनंच उघडलं. अंगानं भरली होती, गाल वर आले होते. आता एका बालवाडीत शिकवत होती.

"कॅप्टन! या ना, आत या."

सफीनाज बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं शिबिरातलं सगळं सांगितलं. "तुला भूक लागली होती, आणि मी त्याला मनाचे खेळ म्हटलं. तू चौसष्टमध्ये उतरू का म्हणालीस तेव्हा तुझं बरोबर होतं. त्या संघात तू नाही, मी जात होते बहुतेक."

इब्तिहालनं खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "मलाही जायचं होतं हो, कॅप्टन. तुम्ही काय मला बांधून ठेवलं होतं का?"

"तू एकोणीस वर्षांची होतीस."

"ते खरं." ती किंचित हसली. "माझा राग नाही तुमच्यावर. सुरुवातीला होता. आता नाही."

"मुलींना शिकवायला येशील? उचलू नकोस. नुसती उभी राहा माझ्याबरोबर."

"नको, कॅप्टन. बारचा आवाज ऐकला की अजून माझा हात कोपरावर जातो."

तेवढ्यात आतून उस्ता बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं असावं. सफीनाज त्याच्याकडे वळली, पण तिनं तोंड उघडायच्या आत तो बोलला. आवाज अजिबात चढला नव्हता.

"तिच्याकडे माफी मागितलीत, तिनं दिली. तिचं मन मोठं आहे. माझ्याकडे मागू नका, कॅप्टनबाई. मी तेव्हा येऊन विचारलं होतं तुम्हाला. मला नाही जमायचं."

"बाबा!" इब्तिहाल म्हणाली.

"असू दे," सफीनाज म्हणाली. "बरोबर आहे त्यांचं."

तिनं दार हळूच ओढून घेतलं आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत खाली आली.