बोटीवरचं सरबत

सुरक्षारक्षकाने पिशवीतला टॉवेल उलगडला आणि कोकमाची बाटली टेबलावर उभी केली. मग दुसरा टॉवेल उलगडला. त्यातून आवळ्याचं सरबत निघालं. तिसरी बाटली कुसुमताईंच्या एका विटलेल्या सुती साडीत गुंडाळलेली होती. ती साडी चारचौघांत उलगडली जाताना त्यांना बाटलीपेक्षा साडीचीच जास्त लाज वाटली.

"आजी, बाहेरची पेयं बोटीवर चालत नाहीत."

"पेय कुठलं? औषध आहे ते. पित्ताचं."

"तीन बाटल्या?"

"पित्तच तेवढं आहे."

रांगेत मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. रक्षकही हसला, पण बाटल्या त्याने बाजूच्या खोक्यात ठेवल्या आणि परतताना घेऊन जा म्हणाला. कुसुमताईंनी साडीची घडी घातली, ती पिशवीत कोंबली आणि पुढे झाल्या. पलीकडे गोदाबाई उभ्या होत्या. त्यांची बॅग केव्हाच पार झाली होती. त्या नुसत्या बॅगेचा दांडा धरून थांबल्या, आणि ते थांबणं कुसुमताईंना जास्त लागलं.

दोघी एकमेकींच्या विहिणी. कुसुमताईंची पूर्वा आणि गोदाबाईंचा संतोष पुण्यात एकाच कंपनीत होते आणि तिथेच त्यांनी लग्न ठरवलं होतं. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी ही बोटीची सहल त्या दोघांनी आपल्या आयांसकट चौघांसाठी ठरवली होती. पण पूर्वाला दिवस राहिले, डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणून सांगितलं आणि संतोष तिला सोडून निघायला तयार होईना. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते.

"मग तुम्ही दोघीच जा," पूर्वा म्हणाली होती.

दोघींनीही आपापल्या घरी तोंडं वाकडी केली. कुसुमताईंना सहकारनगरातून बाहेर पडायचं म्हटलं की पाय जड व्हायचे. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या गोदाबाईंना फिरण्याचं काही नव्हतं, पण विहिणीबरोबर एका खोलीत राहायचं म्हणजे जरा अतिच झालं. तरी पैसे पाण्यात जाऊ देणं दोघींच्याही रक्तात नव्हतं. त्यामुळे दोघी निघाल्या.

बोटीवर जेवण तिकिटातच होतं. जेवणाच्या हॉलमध्ये पाणी आणि पिशवीचा चहाही फुकट होता. बाकी पेल्यातून जे काही येईल त्याचे पैसे खोलीच्या कार्डावर चढायचे. संध्याकाळी वरच्या डेकवर कुसुमताईंनी बारपाशी लावलेला भावफलक वाचला. लिंबू सोड्याच्या ओळीशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"इसमें सोना डालते हैं क्या?" त्यांनी बारमागच्या मुलीला विचारलं.

"नहीं मॅम, पुदिना," ती गोड हसून म्हणाली.

शेजारच्या उंच खुर्च्यांवर आमोद आणि शेफाली नावाचं वाकडचं एक तरुण जोडपं बसलं होतं. त्यांच्यापुढे निळ्या, गुलाबी, हिरव्या रंगांचे पेले होते. पुणेकर दिसल्याचा आनंद दोघांच्या चेहऱ्यावर होता, पण तो थोडा फिकुटलेला होता.

"काकू, आम्ही अनलिमिटेड पॅकेज घेतलंय," आमोदने पोटावरून हात फिरवत सांगितलं. "सकाळपासून पितोय. अजून निम्मेसुद्धा वसूल नाही झाले."

"मग बोलत काय बसलात? प्या," कुसुमताई म्हणाल्या, आणि खाली जाऊन त्यांनी ग्लासभर साधं पाणी घेतलं.

सकाळी कुसुमताईंना जाग आली ती सुंठेच्या वासाने. गोदाबाईंनी हॉलमधून थर्मासात उकळतं पाणी आणलं होतं. दुधाची भुकटी, साखर, चहाची पूड आणि सुंठ अशी घरून तयार करून आणलेली पुडी त्यांनी दोन पेल्यांपैकी एकात रिकामी केली. दुसऱ्या पेल्यावर त्यांचा हात क्षणभर थांबला.

"घेता थोडा?"

"नको. मी सकाळचा चहा सोडलाय."

गोदाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. आग्रह करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. लग्नानंतर कुसुमताई जेव्हा जेव्हा बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेल्या, तेव्हा कधी चतुर्थी निघाली, कधी नुकतंच जेवण झालेलं असायचं, कधी बाहेरचं पाणी बाधायचं. बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसून कुसुमताई छान गप्पा मारायच्या आणि कोरड्या तोंडाने घरी यायच्या. तुम्ही जात मानता का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी ठामपणे नाही म्हटलं असतं, आणि ते त्यांना स्वतःलाही खरं वाटलं असतं.

कुसुमताई गोल खिडकीशी जाऊन समुद्र बघत राहिल्या. खोलीभर सुंठेचा वास होता. मग वर हॉलमध्ये जाऊन त्यांनी पिशवीचा चहा घेतला. गरम पाण्याला लांबून चहा दाखवून आणावा, तसा तो लागला. दुपारपर्यंत त्यांचं डोकं चढलं.

जेवणाच्या हॉलमध्ये गोदाबाई सॅलडच्या टेबलावरून लिंबाच्या फोडी उचलताना दिसल्या. बशी भरून फोडी त्यांनी टेबलावर आणल्या आणि थंड पाण्याच्या ग्लासात पिळल्या. मग चहाजवळच्या साखरेच्या पुड्या फाडून त्यात ओतल्या, चमच्याने ढवळलं आणि अर्धा ग्लास प्यायल्या. चेहरा आक्रसला. त्यांनी आणखी एक पुडी फाडली.

कुसुमताई समोर बसून दहीभात कालवत होत्या. त्यांचा हात थांबला. लग्नकार्यात दोनशे माणसांचं सरबत एकटीने करणाऱ्या बाईला हे बघवेना.

"अहो, काय करताय? थंड पाण्यात साखर विरघळते का? खाली बसते नुसती."

"बसू दे. शेवटी गोड लागेल."

"शेवटी गोड म्हणजे तोवर आंबट. आणा इकडे."

त्यांनी ग्लास ओढून घेतला. बोटं पुसून उठल्या, चहाच्या नळाखालून त्यातच थोडंसं गरम पाणी घेतलं, साखर विरघळवली, मग बर्फ घातला आणि उरलेल्या फोडी दोन बोटांत धरून, बिया पडू न देता पिळल्या.

"काळं मीठ असतं तर काही अर्थ होता," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

गोदाबाईंनी पर्स उघडली आणि एक पुडी टेबलावर ठेवली. काळं मीठ, जिरेपूड, वर थोडी मिरी.

"ही कशी सोडली त्या तपासणीवाल्याने?"

"कोरडी होती. कोरड्याला कोण विचारतं?"

"आणि मला निघायच्या आधी सांगितलं नाहीत ते?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

कुसुमताईंनी चिमूट सोडली, ढवळलं आणि ग्लास तोंडाला लावला. जीभ टाळ्याला लावून बघितली. अजून चिमूटभर. पुन्हा एक घोट. भुवया वर गेल्या, मान हलली. आयुष्यभर स्वयंपाकघरात करत आल्या तसंच.

"आता बघा," म्हणत त्यांनी ग्लास पुढे केला, आणि त्यांचा हात मध्येच थबकला.

ग्लास गोदाबाईंचा होता. निम्मा त्यांचा पिऊन झालेला होता.

हॉलमध्ये भांड्यांचा आवाज चालूच होता. गोदाबाईंनी ग्लासाकडे बघितलं, मग विहिणीकडे. त्यांच्या तोंडी माहेरची, वर्ध्याची बोली क्वचितच यायची.

"काय करून राहिल्या तुम्ही, विहीणबाई?"

कुसुमताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी... दुसरा ग्लास आणते तुम्हाला."

"मला कशाला दुसरा?"

गोदाबाईंनी त्यांच्या हातातून तो ग्लास घेतला आणि न थांबता संपवला. रिकामा खाली ठेवून पदराने ओठ टिपले.

"मीठ बरोबर पडलंय," त्या म्हणाल्या.

कुसुमताई तरीही उठल्या. दुसरा ग्लास आणला, आणखी फोडी आणल्या, आणि स्वतःसाठी सरबत केलं. पुडी न विचारताच घेतली.

त्या दुपारी दोघी डेकवर आरामखुर्च्यांत पाय पसरून बसल्या. मध्ये गोदाबाईंची स्टीलची बाटली होती आणि तिच्यात गच्च भरलेलं सरबत. आमोद आणि शेफाली कठड्याला धरून चालत आले.

"काकू, ते काय पिताय?" शेफालीने विचारलं. "आम्हाला ते ब्लू लगून पिऊन मळमळायला लागलंय."

"लिंबाचं सरबत."

"थोडं मिळेल?"

"का? पॅकेज संपलं?" कुसुमताई म्हणाल्या. मग गोदाबाईंकडे बघून त्यांनी विचारलं, "द्यायचं का यांना?"

"द्या. पण वसूल करा."

वसुली म्हणून आमोदला दोन वेळा खाली फोडी आणायला पाठवलं. तिसऱ्या वेळी सॅलडच्या टेबलामागचा माणूस त्याला बघून फोडींची वाटीच उचलून आत घेऊन गेला. आमोद रिकाम्या हाताने परत आला तेव्हा दोघी इतक्या हसल्या की गोदाबाईंना ठसका लागला, आणि कुसुमताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

ऊन उतरलं. ती दोघं निघून गेली. पाणी तांबूस होत चाललं होतं.

"डोहाळजेवणाला हॉल घेतलाय म्हणे तुम्ही. सातारा रोडला."

"हो. म्हणजे, जागा बरी आहे. पार्किंग आहे."

"मी पूर्वाला म्हटलं होतं, आपल्या घरी करू. खाली बैठकीत चाळीस माणसं बसतात."

"तुम्हाला उगाच त्रास. आणि आजकाल घरी कोण..."

"कुसुमताई," गोदाबाई समुद्राकडे बघतच म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी तहसील कचेरीत बसले आहे. लोकांच्या सबबी ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली. चांगल्या सबबी मी कौतुकाने ऐकायची. तुमच्या फार चांगल्या नसतात."

कुसुमताईंनी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. खाली पाणी बोटीला आपटत होतं.

"मी काय करू?" शेवटी त्यांनी विचारलं. तो प्रश्न आपण आजवर कुणाला विचारला नव्हता, हे विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"हॉलचं तुमचं तुम्ही बघा. मी बोलणार नाही." गोदाबाईंनी पाय खाली सोडून चपला शोधल्या. "रविवारी मोकळ्या असाल तर या घरी. चला, गार वारा सुटलाय."

रविवारी कुसुमताई बसने बिबवेवाडीला गेल्या. स्टॉपपासूनचा चढ चढताना त्यांना घाम फुटला. ऊन कडक होतं आणि पर्समधली पाण्याची बाटली त्यांनी मुद्दाम घरीच ठेवली होती. दार गोदाबाईंनी उघडलं.

"या. बसा."

कुसुमताई बसल्या, खुर्चीत पूर्ण टेकून. गोदाबाईंनी पंखा मोठा केला आणि समोर बसल्या. पूर्वाच्या तपासणीचं निघालं. बाळाची वाढ चांगली होती. संतोष रात्री उठून पूर्वाला दूध गरम करून देतो, हे सांगताना दोघी हसल्या. मग आमोदने पाठवलेले बोटीवरचे फोटो निघाले. एकात दोघींची तोंडं उघडी होती आणि डोळे मिटलेले.

बोलता बोलता कुसुमताई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. तिथून काही येत नव्हतं. गोदाबाई उठण्याची काही चिन्हं दिसत नव्हती. पाहुणा आला की आधी पाणी, ही रीत या घरातही असणारच. फक्त या एका पाहुणीसाठी ती हळूहळू बंद पडली असावी. नको म्हणणाऱ्याला अवघडायला नको आणि विचारणाऱ्यालाही. केव्हापासून, ते कुसुमताईंना आठवेना. त्यांनी कधी लक्षच दिलं नव्हतं.

घसा कोरडा पडला होता. बोलताना शब्द अडखळला.

"गोदाताई, पाणी मिळेल का?"

गोदाबाई बोलायच्या थांबल्या. कुसुमताईंनी 'विहीणबाई' न म्हणता नावाने मारलेली ती पहिलीच हाक होती. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, अर्धवट उठल्या आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा मागे टेकून बसल्या.

"आत ओट्याशेजारी माठ आहे. घ्या की."

कुसुमताई आत गेल्या. पहिल्यांदाच त्या या स्वयंपाकघरात येत होत्या. फळीवर पेले पालथे घालून ठेवले होते. एक उचलला, माठातून भरला आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या प्यायल्या. दुसरा भरला. पाणी गार होतं, वाळ्याचा मंद वास होता त्याला. पायाला ओल लागली म्हणून त्यांनी खाली बघितलं.

"अहो, हा माठ गळतोय," त्यांनी आतूनच मोठ्याने सांगितलं. "खाली तळं झालंय नुसतं. डोहाळजेवणाला चाळीस माणसांना असा कसा पुरणार?"

बाहेरून पंख्याचा आवाज तेवढा येत होता. कुसुमताईंनी ओट्यावरचं फडकं घेतलं आणि वाकून फरशी पुसायला लागल्या.

"उद्या कुंभारवाड्यात जाऊ," थोड्या वेळाने गोदाबाई बाहेरून म्हणाल्या. "भाव मात्र तुम्ही करा."